मुक्या डब्याची रोजची विचारपूस

‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार आली की बहुतेक छोट्या कार्यालयांत पहिला उपाय ठरलेला असतो. कुणीतरी उठतं, टेबलाखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या चपट्या डब्याची पिन काढतं, मनात दहापर्यंत मोजतं आणि पिन पुन्हा लावतं. डब्यावरचे सगळे दिवे एकदम लागतात, मग एकेक करून लुकलुकू लागतात, आणि बऱ्याचदा काम सुरूही होतं. त्या दहा सेकंदांत काय हरवलं, याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. दवाखान्यातले संगणक, शाळेच्या प्रयोगशाळेतली यंत्रं, सोसायटीचे कॅमेरे, पतसंस्थेतला प्रिंटर या सगळ्यांना एकमेकांशी आणि राउटरशी जोडणारं यंत्र. त्याच्या आतली चिप प्रत्येक पोर्टमधून किती पॅकेटं नीट गेली आणि किती बिघडलेली आली याची मोजदाद अखंड करत असते. वीज तुटली की ती मोजदाद शून्यावर येते. दोष कुठल्या पोर्टवर, कुठल्या केबलीत आहे हे सांगू शकणारा पुरावा आपणच, मदतीच्या घाईत, पुसून टाकतो. महिन्याभराने तीच तक्रार परत येते आणि पुन्हा तीच पिन निघते.

हे असं का होतं, तर स्विच हे यंत्र मुकं आहे अशी आपली समजूत आहे. स्वस्तातल्या स्विचांबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिल्याला पिन लावली की झालं. त्याला ना आयपी पत्ता, ना पासवर्ड, ना कुठली सेटिंग. तिसरा प्रकार मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर खोलीत दिसतो. तो आपली खुशाली ठरलेल्या भाषेत सांगतो, घडलेल्या घटनांची नोंद दुसऱ्या यंत्राकडे पाठवतो, संकट आलं तर स्वतःहून कळवतो. या दोघांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. दुकानदार त्याला ‘स्मार्ट’ स्विच म्हणतात. त्याला आयपी पत्ता असतो, ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान असतं, व्हीलॅन म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळी जाळी पाडण्याची सोय असते. पण घटनांची नोंद ठेवणं, वेळ सांगणं, धोक्याची सूचना देणं यातलं त्याला फारसं काही येत नाही. बऱ्याच नमुन्यांत घड्याळसुद्धा नसतं. किंमत मात्र तिसऱ्या प्रकाराच्या कित्येक पटींनी कमी, त्यामुळे छोट्या जागांत हाच वर्ग पसरला आहे. अशा स्विचवर देखरेख ठेवता येत नाही, देखरेख हवी असेल तर महागडं यंत्रच घ्यावं लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. देखरेखीसाठी लागणारी बहुतेक माहिती या गरीब डब्यातही असते. कमी पडतो तो विचारणारा.

आधी हा डबा करतो काय, ते पाहू. इथरनेटच्या केबलीतून माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. तांत्रिक भाषेत त्या तुकड्याला फ्रेम म्हणतात, पण इथे पॅकेट हा रुळलेला शब्दच वापरतो. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, असतो. स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून लक्षात ठेवतो की हे यंत्र तिसऱ्या पोर्टवर आहे, आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी काही आलं तर फक्त तिसऱ्या पोर्टवर सोडतो. पॅकेटच्या शेवटी ४ बाइटांची तपासणी-संख्या असते. पाठवणाऱ्याने सगळ्या माहितीवर एक गणित करून ती लिहिलेली असते. स्विच तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळलं नाही तर वाटेत काहीतरी बिघडलं असं धरून तो पॅकेट टाकून देतो आणि बिघडलेल्यांच्या खात्यात एकाची भर घालतो. टाकून दिल्याचं तो कुणालाही कळवत नाही. काही वेळ पोच आली नाही की पाठवणारा संगणक तेच पुन्हा पाठवतो. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त फाइल उघडायला वेळ लागलेला दिसतो. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीमागे कित्येकदा हा एवढाच प्रकार असतो: कुठेतरी एक केबल दर हजारातली काही पॅकेटं खराब करते आहे आणि स्विच ती निमूटपणे मोजतो आहे.

ही मोजदाद चिपमध्येच, हार्डवेअरमध्येच होते, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तोच आहे. पॅकेटं इकडून तिकडे सोडण्याचं काम स्विचचा प्रोसेसर करत नाही, त्यासाठी वेगळी चिप असते. प्रोसेसर फक्त पान दाखवायला आणि सेटिंग बदलायला. छोट्या स्विचांच्या काही चिपांत हा प्रोसेसर म्हणजे ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याची मूळ रचना इंटेलने १९८० मध्ये आणली होती. इतक्या लहान मेंदूत नोंदवही आणि धोक्याची घंटा मावणार कुठून? पण मोजदाद त्या मेंदूवर अवलंबून नाही. फर्मवेअर म्हणजे डब्यात भरलेली आज्ञावली. आतल्या आकड्यांपैकी कोणते बाहेर दाखवायचे एवढंच ती ठरवते. याचा उघड दाखला म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली. मुळात राउटरांसाठी असलेल्या या प्रणालीने २०२१ मधल्या २१.०२ या आवृत्तीपासून रिअलटेकच्या चिपा वापरणाऱ्या काही स्विचांनाही आधार दिला. त्याच डब्यात, त्याच चिपेवर ही प्रणाली चढवली की तो लिनक्सच्या यंत्रासारखा वागू लागतो आणि मूळ पानावर कधी न दिसलेली माहिती देऊ लागतो. डबा बदललेला नसतो, फक्त दार बदललेलं असतं. अर्थात अशी अदलाबदल सगळ्या नमुन्यांवर होत नाही, आणि चुकली तर स्विच कायमचा निकामी होण्याचा धोका असतो. ज्याला त्यातली माहिती आहे त्यानेच तिकडे वळावं.

मग आहे त्याच दारातून काय मिळतं? टीपी-लिंकच्या ‘ईझी स्मार्ट’ मालिकेतल्या ८ पोर्टांच्या छोट्या स्विचचं उदाहरण घेऊ. त्याच्या पोर्ट-आकडेवारीच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर तो चालू आहे की बंद, जोडणीचा वेग किती, आणि चार आकडे असतात: बाहेर गेलेली चांगली पॅकेटं, बाहेर जाताना बिघडलेली, आत आलेली चांगली, आत आलेली बिघडलेली. किती बाइट गेले ते या पानावर नाही. नेटगिअरच्या ‘प्लस’ मालिकेत उलट, बाइट असतात आणि सोबत तपासणी-संख्या न जुळलेल्या पॅकेटांचा आकडा असतो. पान उघडून हे आकडे एकदाच पाहिले तर त्यांना काही अर्थ नाही. पोर्ट ३ वर बिघडलेली ४१२ पॅकेटं, म्हणजे बरं की वाईट? हे ४१२ वर्षभरात जमलेले असतील तर दुर्लक्ष करण्याजोगे आहेत, सकाळपासून जमलेले असतील तर ती केबल आजच बदलायला हवी. आकड्याला अर्थ येतो तो आधीच्या आकड्यामुळे, आणि आधीचा आकडा ठेवायला स्विचकडे जागाच नाही. म्हणून वही बाहेर ठेवायची. एखादा जुना संगणक, रास्पबेरी पायसारखा हाताएवढा बोर्ड, किंवा कार्यालयात रात्रंदिवस चालू असणारं कुठलंही यंत्र दर ५ मिनिटांनी त्या पानावर जातं, पासवर्ड देतं, आकडे उचलतं, वेळेसकट एका ओळीत लिहितं आणि बाहेर पडतं. पान ब्राउझरसाठी बनवलेलं असलं तरी त्याच्या मजकुरात आकड्यांची रांग स्वच्छ लिहिलेली असते. ती वेगळी काढायला थोड्या ओळींची स्क्रिप्ट पुरते. ८ पोर्ट, प्रत्येकी ४ आकडे, दिवसातून २८८ वेळा: एका स्विचचे रोजचे ९,२१६ आकडे होतात. वर्षभराची वही भरली तरी ती एका चित्रपटाच्या फाइलपेक्षा किती तरी लहान राहते.

ही पद्धत तशी जुनीच आहे. नेटवर्कमधल्या यंत्रांना त्यांची खुशाली विचारण्याची सर्वमान्य भाषा, एसएनएमपी, १९८८ मध्ये ठरली. तिची रचनाच अशी होती की यंत्राकडे कमीत कमी शहाणपण असावं: त्याने मोजावं आणि विचारल्यावर सांगावं, लक्षात ठेवणं, तुलना करणं, निष्कर्ष काढणं हे विचारणाऱ्याचं काम. टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ते काम करत त्या ठिकाणी बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटांची लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. एमआरटीजी दर ५ मिनिटांनी राउटरला दोन आकडे विचारायची, त्यांतून आधीचे आकडे वजा करायची आणि आलेख काढायची. जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी पुढे कित्येक वर्षं तो आलेख भिंतीवरच्या घड्याळासारखा वापरला. त्यातलं शहाणपण सगळं स्विचच्या बाहेर होतं. एसएनएमपी न येणाऱ्या डब्याकडून तेच आकडे वेबपानातून घेतले तर फरक पडतो तो विचारण्याच्या भाषेत. वही तीच, वजाबाकीही तीच.

वजाबाकी सोपी वाटते, पण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहायला हवं. मोजणारा आकडा ३२ बिटांचा असेल तर तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो, गाडीच्या मीटरसारखा. बाइट मोजणारा असा आकडा सेकंदाला १ गिगाबिट वेगाने भरलेल्या पोर्टवर अवघ्या ३४ सेकंदांत पूर्ण फेरी मारतो. दर ५ मिनिटांनी विचारलं तर मधल्या आठ फेऱ्या आपल्याला दिसतच नाहीत आणि आलेख चक्क खोटा निघतो. १०० मेगाबिटला हीच फेरी पावणेसहा मिनिटांच्या आसपास होते, तिथे निभावतं. म्हणूनच मोठ्या स्विचांसाठी पुढे ६४ बिटांचे मोजक आले. गंमत अशी की गरीब स्विचचा पॅकेट मोजणारा आकडा इथे आपल्या उपयोगी पडतो. पूर्ण आकाराची पॅकेटं १ गिगाबिटने अखंड वाहिली तरी ती सेकंदाला सुमारे ८१ हजारच होतात आणि फेरी पुरी व्हायला चौदा तासांहून अधिक लागतात. अगदी लहान पॅकेटांनी पोर्ट काठोकाठ भरलं तरी पाऊण तासाहून अधिक वेळ मिळतो. दुसरी खाच पुन्हा सुरू होण्याची. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर दोन शक्यता: फेरी पूर्ण झाली, किंवा स्विचची वीज गेली होती. एकाच पोर्टचा एकच आकडा खाली आला असेल तर ती फेरी. सगळ्या पोर्टांचे सगळे आकडे एकदम शून्याजवळ आले असतील तर वीज. या दुसऱ्या खुणेचं मोल फार आहे. स्विच स्वतः किती वेळ चालू आहे हे सांगत नसला तरी तो कधी बंद पडला हे वही सांगते. ज्या गावांत वीज येते-जाते तिथे यूपीएस खरंच काम करतो आहे की नाही, याचाही निकाल याच नोंदीत लागतो.

आणि न मिळालेला आकडा म्हणजे शून्य नव्हे, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावं. पान उघडलं नाही, पासवर्ड चुकला, ८ ऐवजी ५ च पोर्टांचे आकडे आले, तर त्या वेळेपुढे ‘वाचता आलं नाही’ असंच लिहायला हवं. शून्य लिहिलं की आलेखात सगळं शांत दिसतं. ती शांतता खोटी असते.

आता या आकड्यांतून कळतं काय, त्याचं एक उदाहरण अगदी जवळून पाहू. नेटवर्कच्या केबलीत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. १ गिगाबिटला चारही लागतात. केबलीला कनेक्टर बसवताना, म्हणजे क्रिंपिंग करताना, तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोहोचली नाही, केसभर मागे राहिली, तर काय होतं? दोन्ही टोकांची यंत्रं आधी गिगाबिटवर बोलणी करतात, जमत नाही, आणि बहुतेक आधुनिक चिपा मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, काम करणारा माणूस बिल घेऊन जातो. त्या पोर्टचा वेग दहापट कमी झाला आहे हे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. काही स्विचांवर दिव्याचा रंग बदलतो, पण तो रंग काय सांगतो हे विचारायला माळ्यावर चढणार कोण? पानावरच्या वेगाच्या रकान्यात मात्र ते स्पष्ट लिहिलेलं असतं. रोजच्या नोंदीत एखाद्या पोर्टचा वेग काल १,००० आणि आज १०० दिसला तर केबल हलली, दबली किंवा उंदराने कुरतडली, असा तर्क जागेवर न जाता करता येतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबली आपल्या बाजारात सर्रास विकल्या जातात. ॲल्युमिनियमची तार ठिसूळ, वाकवली की तुटण्याची शक्यता जास्त, आणि तिचा विजेला होणारा विरोधही तांब्यापेक्षा अधिक. अशी केबल जोडल्या दिवशी चालते. तिचा ऱ्हास दिसतो तो बिघडलेल्या पॅकेटांच्या हळूहळू चढणाऱ्या आकड्यात.

तो आकडा नुसता पाहून भागत नाही, चांगल्या पॅकेटांच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो. दिवसा बिघाड वाढतो आणि रात्री थांबतो, म्हणजे दिवसा चालणारी लिफ्टची मोटर केबलीत गडबड करते आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण रात्री वाहतूकच कमी असते. पण त्याच मार्गावरच्या कॅमेऱ्याची वाहतूक रात्रंदिवस साधारण सारखी असते. त्याच्या पोर्टवर दर लाख पॅकेटांमागे बिघाडाचं प्रमाण दिवसा जास्त निघालं, तर मात्र केबल विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेली आहे का, हे उघडून बघण्याजोगं आहे.

स्विचच्या पानावर जे मिळत नाही ते शेजाऱ्यांकडून मिळतं. पिंग ही आज्ञावली माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच तिचं काम, आणि आजही तिला पर्याय नाही. अजिबात पान नसलेल्या पहिल्या प्रकारच्या स्विचलाही तिच्यामुळे नजरेखाली ठेवता येतं. तो स्वतः उत्तर देऊ शकत नाही, पण त्याच्या पलीकडची यंत्रं देतात. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचला चार कॅमेरे जोडलेले आहेत हे माहीत असेल, तर चौघांनी एकदम उत्तर देणं थांबवलं की दोष स्विचचा, त्याच्या विजेचा किंवा वर येणाऱ्या मुख्य केबलीचा. एकानेच थांबवलं तर त्याच्या एकट्याच्या केबलीचा. ही अनुमानाची ताकद केवळ एका नकाशातून येते. राउटर कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला याची यादी ठेवतो, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर कोणता कॅमेरा किती वाजता सुटला ते लिहितो, लिनक्स आणि विंडोज दोन्ही आपापल्या नेटवर्क कार्डाचे चुकांचे आकडे सांगतात. केबलीला दोन टोकं असतात. स्विचकडचं टोक बोललं नाही तर संगणकाकडच्या टोकाला विचारता येतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा सगळा जुगाड आहे, आणि जुगाड टिकत नाही. फर्मवेअर बदललं की पानाची रचना बदलेल आणि स्क्रिप्ट मोडेल. ते खरं आहे. पण स्विचचं फर्मवेअर रोज बदलत नाही, बदल आपण हाताने करतो तेव्हाच होतो, आणि आकडे वाचता न आल्याचं स्क्रिप्ट प्रामाणिकपणे सांगत असेल तर ती मोडली हे ५ मिनिटांत कळतं. शिवाय स्विचचं पान अडकलं म्हणजे स्विच बंद पडला असंही नव्हे. पॅकेटं सोडणारी चिप वेगळी आहे आणि पान उघडत नसतानाही ती काम करत राहते. म्हणून पान आणि पलीकडची यंत्रं, दोघांनाही विचारायचं. त्या इवल्या प्रोसेसरला दर ५ सेकंदांनी छळू नये, एवढं पथ्य मात्र पाळावं. काही नमुन्यांत एका वेळी एकालाच आत शिरता येतं. स्क्रिप्ट काम झाल्यावर बाहेर पडली नाही तर दुरुस्तीला आलेल्या माणसालाच दार बंद मिळेल.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा किती तरी गंभीर वाटतो. यातल्या अनेक स्विचांची पानं पासवर्ड न झाकताच केबलीवरून पाठवतात. काही नमुन्यांत ते पान कुठल्याही पोर्टवरून उघडतं. देखरेखीसाठी वेगळं व्हीलॅन राखून बाकीच्यांना बंदी करता येत नाही. त्यातच आपली स्क्रिप्ट पासवर्ड फाइलीत ठेवणार. महागड्या स्विचकडे गेल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्याही आपला परवलीचा शब्द उघडाच पाठवतात, आणि ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला शब्द न बदलता वर्षानुवर्षं चालणारी यंत्रं काही कमी नाहीत. तिसरी आवृत्ती सुरक्षित आहे, पण ती चालू करावी लागते. तरीही गरीब स्विचची ही उणीव झाकण्याजोगी नाही. तिचं उत्तर जागेच्या निवडीत आहे. जिथे अनोळखी माणूस केबल लावू शकतो, म्हणजे प्रतीक्षागृह, वाचनालय, भाड्याने दिलेलं दालन, तिथे असा स्विच नको. जिथे सगळे पोर्ट कुलूपबंद खोलीत किंवा खांबावरच्या पेटीत आहेत, तिथे चालेल. तोही कारखान्यातला पासवर्ड बदलून, आणि तो पासवर्ड दुसऱ्या कशालाही न वापरता.

तिसरा आक्षेप सरळ आहे: एवढी खटपट करण्यापेक्षा चांगला स्विच का घेऊ नये? जिथे ऐपत आहे तिथे घ्यावा. पण चांगला स्विच घेतला म्हणजे देखरेख झाली, या समजुतीला उत्तर देणारी एक घटना बॉस्टनमध्ये घडली आहे. १३ नोव्हेंबर २००२ ला बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं आणि पूर्ववत व्हायला जवळपास चार दिवस लागले. तेवढा काळ डॉक्टर आणि परिचारिका कागदावर काम करत होते. तिथे स्वस्त डबे नव्हते. नेटवर्कमध्ये वळसे तयार होऊ नयेत म्हणून स्विच आपापसांत एक पद्धत वापरतात. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ती शोधली, स्पॅनिंग ट्री तिचं नाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातहून अधिक स्विच ओलांडावे लागू नयेत असं त्या पद्धतीच्या मानकात सुचवलेलं होतं. रुग्णालयाचं जाळं तुकड्यातुकड्यांनी जोडत वाढत गेलं आणि ती मर्यादा ओलांडली गेली. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हॅलाम्का यांनी पुढे हे सगळं मोकळेपणाने जगासमोर मांडलं, त्यामुळेच इतरांना त्यातून शिकता आलं. जाळं कसं वाढलं आहे हे विचारण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय त्या महागड्या यंत्रांच्या सोबत आलेली नव्हती.

तरी याच घटनेतून गरीब स्विचची मर्यादाही दिसते आणि ती मान्य करायला हवी. कुणी चुकून एकाच केबलीची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावली तर वळसा तयार होतो. इथरनेटच्या पॅकेटला किती वेळा फिरायचं याची मर्यादा नसते. सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं एक पॅकेट त्या वळशात फिरत राहतं, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळं जाळं ठप्प होतं. त्या वेळी आपली स्क्रिप्टही काही विचारू शकत नाही, कारण विचारण्याची वाटच तुंबलेली असते. काही स्वस्त स्विचांत वळसा ओळखून पोर्ट बंद करण्याची साधी सोय असते; ती मुळात बंद ठेवलेली असेल तर पहिल्या दिवशीच चालू करावी. आणि पैसे मोजकेच असतील तर ते मधल्या स्विचवर, जिथे सगळ्या केबली येऊन मिळतात तिथे, खर्च करावेत. मधला एक चांगला आणि टोकांना साधे, अशी मांडणी केली तर मधल्याच्या प्रत्येक पोर्टवरून एकेका टोकाची बरीचशी कहाणी वाचता येते. सगळीकडे मध्यम प्रतीचे स्विच घेऊन एकालाही काही न विचारण्यापेक्षा हे मला किती तरी शहाणपणाचं वाटतं.

इतक्या छोट्या जागेला हे सगळं कशाला, असं म्हणणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. मोठ्या कंपनीत जाळं पाहायला माणसं असतात. दवाखान्यात, शाळेत, सोसायटीत नसतात. बाहेरून येणारा तंत्रज्ञ फोन केल्यावर दोन दिवसांनी येतो. पण म्हणूनच तिथे नोंदीची गरज जास्त आहे. तो आल्यावर ‘कधी कधी स्लो होतं’ एवढंच सांगता आलं तर तोही पिन काढूनच लावणार. ‘पोर्ट ५ वर मंगळवारपासून बिघाड वाढला आहे, त्याच दिवशी वेग हजारवरून शंभरवर आला’ असं सांगितलं तर तो थेट त्या केबलीकडे जातो. नोंदीला कायद्याचंही एक अंग आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांना आपल्या माहिती-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवावी लागतात. ज्या स्विचला घड्याळच नाही, त्याच्या आकड्यांना वेळेचा शिक्का मारणारं बाहेरचं यंत्र तिथे कामी येतं. अर्थात पॅकेटांचे आकडे म्हणजे कोण कुठे शिरलं याची नोंद नव्हे. तेवढी गल्लत करू नये.

करायची तयारी मात्र फारशी नाही. प्रत्येक पोर्टपुढे काय जोडलं आहे ते एका कागदावर लिहून तो कागद स्विचजवळच चिकटवावा: ‘१ – राउटर, २ – बिलिंग, ३ – एक्स-रे खोली, ६ – मागच्या दाराचा कॅमेरा, केबल यंदा बदलली.’ सेटिंगची फाइल उतरवून स्विचच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवावी; व्हीलॅनची मांडणी लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं आणि ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. पिन काढण्याआधी आकडेवारीच्या पानाचा मोबाइलने फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि स्क्रिप्ट लिहिणारं कुणी मिळेपर्यंत तोच फोटो वही म्हणून चालतो. जूनमध्ये पहिल्या कडकडाटात इमारतीबाहेर गेलेल्या केबलीवाटे विजेचा झटका येतो आणि स्विचचे एक-दोन पोर्ट, कधी सगळा स्विच, निकामी होतात. तशा वेळी त्याच नमुन्याचा नवा स्विच आणून जुनी फाइल चढवली की जाळं तासाभरात उभं राहतं. मग नव्या डब्याचे पहिल्या आठवड्याचे आकडे जुन्या वहीतल्या त्याच पोर्टांच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. पोर्ट ३ वर बिघडलेली पॅकेटं नव्या डब्यातही तशीच चढत असतील तर दोष एक्स-रे खोलीकडे जाणाऱ्या केबलीत किंवा तिच्या पलीकडच्या टोकाला आहे, आणि शून्यावर थांबली असतील तर तो जुन्या डब्यातच होता.